पीतबिंदुशोफ, मधुमेहजन्य

मधुमेहामुळे जालपटलातील (डोळ्याच्या सर्वांत आतील प्रकाशसंवेदी पडद्यातील) सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागून त्याच्या मध्यभागी, म्हणजे पीतबिंदूत, द्रव साचतो व तो भाग जाड होतो. या विकारास मधुमेहजन्य पीतबिंदुशोफ म्हणतात. काम करण्याच्या वयातील मधुमेही व्यक्तींची दृष्टी मंदावण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सु. १०.१ कोटी असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला, यावरून या विकाराचे सामाजिक महत्त्व ध्यानात येईल. त्यावर नेत्रगोलात अंतःक्षेपणाने (इंजेक्शनने) दोन प्रकारची औषधे देतात : रक्तवाहिनीवर्धक घटकाला निष्प्रभ करणारी औषधे आणि स्टेरॉइडे. दोहोंचा मारा विकाराच्या वेगवेगळ्या अंगांवर होत असल्याने ती एकत्र दिल्यास दृष्टी अधिक सुधारेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्ष चाचण्यांत ती मर्यादित प्रमाणातच खरी ठरली.

पीतबिंदू हा जालपटलाचा सु. ५·५ मिमी. व्यासाचा भाग असून त्याच्या मध्यावरील खळग्यामुळे वाचन, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे यांसारखी बारकाव्याची कामे शक्य होतात. खळग्याच्या अगदी मध्यावर रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे प्रकाश विनाअडथळा प्रकाशसंवेदी कोशिकांपर्यंत पोहोचतो. जालपटलातील केशवाहिन्यांच्या आतील स्तराच्या कोशिका एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. रक्तातील द्रव, प्रथिने व मेद पदार्थ ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहात) मुक्तपणे शिरू नयेत म्हणून निसर्गाने केलेला हा बांध होय. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या कोशिका नष्ट होतात, भित्तींचे तळपटल जाड होते, काही वाहिन्या बुजतात आणि काहींवर सूक्ष्म फुगवटे येतात. बुजलेल्या भागातील ऊतकाला ऑक्सिजन अपुरा पडतो व ते रक्तवाहिनीवर्धक घटक हे प्रथिन अधिक प्रमाणात स्रवू लागते. हे प्रथिन नव्या वाहिन्यांना चालना देते, तसेच जुन्या वाहिन्यांचे सांधेही सैल करते. १९८३ साली ते प्रथम ओळखले गेले, ते वाहिन्यांची पार्यता (द्रव पलीकडे जाऊ देण्याची क्षमता) वाढविणारा घटक म्हणूनच. जालपटलाला ऑक्सिजन कमी पडला की त्यातून एखादा विसरणशील पदार्थ बाहेर पडत असावा, हा तर्क आय. सी. मायकेल्सन यांनी १९४८ मध्येच मांडला होता. मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात या घटकाचे प्रमाण वाढलेले असते, हे १९९४ मध्ये एल. पी. आयेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आणि त्या तर्काला पुरावा मिळाला.

तथापि हा एकच घटक सर्व बिघाडाला जबाबदार नाही. मधुमेही जालपटलात मंद स्वरूपाचा दाह सतत चालू असतो. श्वेत कोशिका केशवाहिन्यांच्या भित्तींना चिकटून राहतात व त्यांतून आणि जालपटलातील आधार कोशिकांतून दाह वाढविणारी अनेक द्रव्ये स्रवतात. तीही बांध सैल करतात. विकार जुना होत जातो तसतसा या दाहाचा वाटा वाढत असावा, असे पुष्कळ तज्ञ मानतात. संयुक्त चिकित्सेची कल्पना याच समजुतीवर उभी आहे.

लक्षणे व निदान : या विकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही व त्यातून पाणीही येत नाही. त्यामुळे एका डोळ्यात सुरुवात झालेला शोफ दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या आधाराने अनेक महिने लक्षात येत नाही. नंतर अक्षरे पुसट दिसणे, सरळ रेषा वाकडी वाटणे, रंग फिके भासणे अशा तक्रारी सुरू होतात. पुष्कळदा रुग्ण केवळ चष्म्याचा नंबर बदलला असावा असे समजून येतो. बाहुली विस्फारून केलेल्या नेत्रतलाच्या तपासणीत सूक्ष्म फुगवटे, रक्तस्रावाचे ठिपके आणि मेद पदार्थांचे पिवळसर साके दिसतात. पीतबिंदूची जाडी मात्र नुसत्या नजरेने अचूक सांगता येत नाही. १९९१ मध्ये प्रथम वर्णिलेल्या ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी (ओसीटी) या तंत्राने ही अडचण दूर केली. जालपटलावर अवरक्त प्रकाश टाकून परत येणाऱ्या किरणांपासून त्याचा उभा छेद चित्रित करतात व जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. आज उपचाराचा बहुतेक निर्णय या चित्रावर व दृष्टितक्त्यावर वाचलेल्या अक्षरांवर घेतला जातो. ही दोन मापे एकमेकांशी निगडित असली तरी समांतर चालत नाहीत. जाडी बरीच कमी होऊनही दृष्टी न सुधारणे आणि जाडी फारशी न बदलता दृष्टी सुधारणे, दोन्ही घडते. पुढील विवेचनात हा मुद्दा वारंवार येईल.

चिकित्सेचा पूर्वेतिहास : १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीने झिरपणारे फुगवटे लेसर किरणांनी डागल्यास पुढील तीन वर्षांत दृष्टी लक्षणीय घटण्याचा धोका सु. निम्म्याने कमी होतो, हे सिद्ध केले. त्यानंतर सु. पंचवीस वर्षे लेसर हाच मुख्य उपाय राहिला. पण त्याने दृष्टी टिकत असे, क्वचितच वाढत असे.

२००५ मध्ये फिलिप रोझेनफेल्ड यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील बेव्हासिझुमॅब हे औषध अत्यल्प मात्रेत डोळ्यात वापरून दाखविले. हे रक्तवाहिनीवर्धक घटकाला बांधून टाकणारे प्रतिपिंड आहे. डोळ्यासाठी खास बनविलेले रॅनिबिझुमॅब हे अशाच प्रतिपिंडाचा तुकडा होय. अमेरिकेत त्याला या विकारासाठी २०१२ मध्ये मान्यता मिळाली. अफ्लिबरसेप्ट या तिसऱ्या औषधाला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. डायबेटिक रेटिनोपॅथी क्लिनिकल रिसर्च नेटवर्क या अमेरिकन संशोधनजालाने २०१० मध्ये ८५४ डोळ्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक वर्षानंतर केवळ लेसर घेतलेल्या डोळ्यांना तक्त्यावरील सरासरी तीन अक्षरे अधिक वाचता आली. रॅनिबिझुमॅब घेतलेल्यांना नऊ. या चाचणीने लेसरचे पहिले स्थान गेले. पुढे याच संशोधनजालाने तिन्ही औषधांची तुलना करून २०१५ मध्ये दाखविले की, आरंभीची दृष्टी ६/१५ किंवा त्याहून वाईट असेल, तर पहिल्या वर्षात अफ्लिबरसेप्ट सरस ठरते. ती त्याहून चांगली असेल, तर तिन्हींत फरक पडत नाही.

या औषधांची मोठी अडचण म्हणजे त्यांचा अल्पकाळ टिकणारा परिणाम. पहिल्या वर्षात प्रत्येक डोळ्याला आठ ते दहा अंतःक्षेपणे घ्यावी लागतात. पुढे त्यांची संख्या झपाट्याने घटते, पण पहिले वर्षच रुग्णाला जड जाते. याशिवाय काही डोळे प्रतिसादच देत नाहीत. उपर्युक्त तुलनेत सहा महिने उपचार करूनही शोफ टिकून राहिलेल्या डोळ्यांचे प्रमाण अफ्लिबरसेप्टच्या गटात सु. ३२ टक्के, रॅनिबिझुमॅबच्या गटात सु. ४२ टक्के आणि बेव्हासिझुमॅबच्या गटात सु. ६६ टक्के होते.

स्टेरॉइडे : कॉर्टिसोनाचा दाहशामक परिणाम फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांत १९४८ मध्ये दाखविला. डोळ्याच्या पृष्ठभागावरील दाहासाठी ही द्रव्ये लवकरच वापरात आली. जालपटलाच्या शोफासाठी ती थेट काचाभ द्रव्यात (भिंगामागील पोकळी भरणाऱ्या पारदर्शक जेलीसारख्या पदार्थात) देण्याची प्रथा मात्र २००१ च्या सुमारास सुरू झाली. स्टेरॉइडे दाह वाढविणाऱ्या द्रव्यांची निर्मिती रोखतात, श्वेत कोशिकांचे भित्तींना चिकटणे कमी करतात, कोशिकांमधील सांधे घट्ट करतात आणि रक्तवाहिनीवर्धक घटकाचे उत्पादनही घटवितात. प्रथम ट्रायम्सिनोलोन हे पांढऱ्या कणांच्या निलंबनाच्या रूपात दिले जाई. शोफ झपाट्याने उतरत असे व रुग्ण हर्षभरित होत असे. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८४० डोळ्यांवरील चाचणीत चार महिन्यांनी आघाडीवर असलेली ट्रायम्सिनोलोनाची ४ मिग्रॅ. मात्रा दोन वर्षांनी साध्या लेसरच्या मागे पडली. मोतीबिंदू व नेत्रदाबातील वाढ हे दोन उपद्रव त्या वेळी ठळकपणे पुढे आले.

नंतर दीर्घकाळ सावकाश औषध सोडणाऱ्या कांड्या तयार झाल्या. डेक्सामेथासोनाची ०·७ मिग्रॅ. ची कांडी सु. ६ मिमी. लांब असून खास उपकरणाच्या सुईतून काचाभ द्रव्यात सोडतात. ती आपोआप विरघळते व तिचा परिणाम साधारण दुसऱ्या महिन्यात शिखरावर पोहोचून तीन-चार महिन्यांत ओसरतो. १,०४८ रुग्णांवरील त्रैवार्षिक चाचणीत तक्त्यावरील पंधरा वा अधिक अक्षरांची सुधारणा कांडी घेतलेल्या २२ टक्के रुग्णांत व केवळ दिखाऊ अंतःक्षेपण मिळालेल्या १२ टक्के रुग्णांत आढळली. परंतु नैसर्गिक भिंग असलेल्या डोळ्यांत मोतीबिंदूचे प्रमाण अनुक्रमे ६८ व २० टक्के होते. फ्लुओसिनोलोनाची न विरघळणारी कांडी तर सु. तीन वर्षे औषध सोडत राहते. हा दीर्घ परिणाम सोयीचा खरा; पण ज्याचा नेत्रदाब चढतो त्याला तोच अडचणीत आणतो, कारण दिलेले औषध सहजासहजी परत काढता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील ८८ डोळ्यांवरील एका चाचणीत (२०१४) डेक्सामेथासोनाची कांडी व बेव्हासिझुमॅब यांची समोरासमोर तुलना झाली. वर्षअखेर दहा वा अधिक अक्षरे सुधारलेल्या डोळ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सु. ४० टक्के होते. त्यासाठी कांडीच्या गटाला सरासरी २·७ व बेव्हासिझुमॅबच्या गटाला ८·६ अंतःक्षेपणे लागली. मात्र दृष्टी घटलेल्या डोळ्यांची संख्या कांडीच्या गटात अधिक होती व बहुतेकांत त्याचे कारण मोतीबिंदू हे होते.

संयुक्त चिकित्सा : दोन्ही औषधे एकत्र देण्यामागील युक्तिवाद साधा आहे. वृद्धिघटकरोधी औषध एका प्रथिनाला अचूक बांधते, परंतु दाहाच्या इतर द्रव्यांना हात लावत नाही. स्टेरॉइड अनेक द्रव्यांवर एकदम, पण ढोबळपणे परिणाम करते. एकाचा परिणाम लवकर येतो व लवकर सरतो, दुसऱ्याचा टिकतो. दोन्ही दिल्यास शोफ अधिक उतरावा, अधिक काळ उतरलेला राहावा आणि अंतःक्षेपणांची संख्या कमी व्हावी, असा हिशेब होता.

इराणमध्ये सोहेलियन व सहकाऱ्यांनी १५० डोळ्यांवर केलेल्या आरंभीच्या एका चाचणीत केवळ बेव्हासिझुमॅब, बेव्हासिझुमॅबसह ट्रायम्सिनोलोन आणि केवळ लेसर असे तीन गट केले होते. बेव्हासिझुमॅबने दृष्टी लेसरपेक्षा अधिक सुधारली. ट्रायम्सिनोलोनाची भर घालून त्यापलीकडे टिकाऊ लाभ झाला नाही. तरीही प्रश्न संपला नाही. हे रुग्ण सरसकट निवडलेले होते. वृद्धिघटकरोधी औषधाला दाद न देणारे डोळे वेगळे काढल्यास स्टेरॉइडाचा गुण दिसेल, असे म्हणण्यास जागा होती.

नेमका हाच प्रश्न घेऊन उपर्युक्त अमेरिकन संशोधनजालाने केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान तीन अंतःक्षेपणांनंतरही शोफ टिकलेल्या डोळ्यांना आधी रॅनिबिझुमॅबची आणखी तीन अंतःक्षेपणे देण्यात आली. ही पायरी महत्त्वाची होती, कारण काही डोळे एवढ्या अधिक धीरानेच सुधारले व ते खरे ‘हट्टी’ नव्हतेच. उरलेल्या १२९ डोळ्यांपैकी निम्म्यांना रॅनिबिझुमॅबबरोबर डेक्सामेथासोनाची कांडी व निम्म्यांना रॅनिबिझुमॅबबरोबर दिखाऊ अंतःक्षेपण मिळाले. चोवीस आठवड्यांनी संयुक्त गटात पीतबिंदूच्या मध्यभागाची जाडी सरासरी ११० मायक्रॉनांनी उतरली, तर दुसऱ्या गटात ६२ मायक्रॉनांनी. दृष्टी मात्र संयुक्त गटात सरासरी २·७ व दुसऱ्या गटात ३·० अक्षरांनी सुधारली. म्हणजे फरक नाहीच. नेत्रदाब वाढलेल्या किंवा त्यासाठी औषध सुरू करावे लागलेल्या डोळ्यांचे प्रमाण संयुक्त गटात २९ टक्के होते. दुसऱ्या गटात असा एकही डोळा नव्हता.

या निष्कर्षाचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. स्टेरॉइडाने आपले काम केले नाही असे नव्हे; द्रव ओसरला, चित्र कोरडे दिसू लागले. पण दीर्घकाळ साचलेल्या द्रवाने प्रकाशसंवेदी कोशिका आणि त्यांचा संदेश पुढे नेणारे तंतू आधीच दुबळे केलेले असतील, तर पाणी काढून टाकल्याने ते पुन्हा जोमाने काम करू लागत नाहीत. शिवाय केशवाहिन्या बुजून मध्यभागाचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर त्यावर कोणतेच अंतःक्षेपण चालत नाही. ओसीटीचे चित्र सुधारले म्हणजे रुग्ण सुधारला, असे मानण्याचा मोह चिकित्सकाला होतो आणि रुग्णालाही ते चित्र दाखवून समाधान देता येते. रुग्णाला हवे असते ते वाचता येणे. याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कॉक्रन संस्थेच्या समीक्षेत आठ नियंत्रित चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करण्यात आले. एकट्या वृद्धिघटकरोधी औषधाच्या तुलनेत संयुक्त चिकित्सेने दृष्टीचा अधिक लाभ होत असल्याचे आढळले नाही. मोतीबिंदू व नेत्रदाबवाढ यांचा धोका मात्र वाढल्याचे दिसले.

म्हणून आज सर्वसाधारण रुग्णात आरंभापासून दोन्ही औषधे देत नाहीत. आरंभ वृद्धिघटकरोधी औषधाने करतात, पुरेशी अंतःक्षेपणे झाल्यावरही शोफ टिकल्यास औषध बदलतात आणि नंतर स्टेरॉइडाचा विचार करतात. काही रुग्णांत मात्र स्टेरॉइडाला आधी स्थान मिळू शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम भिंग बसविलेल्या डोळ्याला मोतीबिंदूचे भय उरत नाही. २०१० च्या चाचणीतही अशा डोळ्यांत ट्रायम्सिनोलोन व लेसर यांच्या संयोगाचा परिणाम रॅनिबिझुमॅबच्या जवळपास पोहोचला होता. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णात वृद्धिघटकरोधी औषध देण्याबाबत सावधगिरी बाळगतात. दर महिन्याला रुग्णालयात येणे ज्याला शक्य नाही, त्यालाही तीन-चार महिने टिकणारी कांडी सोयीची पडते. येथे एक विसंगती आहे. नेत्रदाबावर लक्ष ठेवण्यासाठी त्यालाही अधूनमधून यावेच लागते, आणि जो येऊ शकत नाही म्हणून कांडी दिली, त्याचाच वाढलेला दाब कळायचा राहून जाण्याची शक्यता असते. काचबिंदू असलेल्या व्यक्तीत स्टेरॉइड शक्यतो टाळतात.

पद्धती व धोके : डोळा थेंबांनी बधिर करून पापण्या व नेत्रपृष्ठ पोव्हिडोन आयोडिनाने निर्जंतुक करतात. बुबुळाच्या कडेपासून ३·५ ते ४ मिमी. मागे अतिबारीक सुईने सु. ०·०५ मिलि. औषध काचाभ द्रव्यात सोडतात. एवढ्या अंतरावर भिंग व जालपटल या दोहोंना इजा पोहोचत नाही. क्रिया काही सेकंदांची असते. सर्वांत गंभीर धोका नेत्रगोलाच्या अंतर्भागातील जंतुसंसर्गाचा. तो काही हजार अंतःक्षेपणांत एखाद्या वेळी उद्भवतो, पण दृष्टी घालवू शकतो. अंतःक्षेपणानंतर डोळा दुखणे, लाल होणे व दृष्टी घटणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी त्याच दिवशी तपासणी होणे आवश्यक असते.

स्टेरॉइडाने नेत्रदाब वाढण्याची प्रवृत्ती सर्वांत सारखी नसते. नेत्रजलाच्या निचऱ्याची जाळी काहींमध्ये त्याला अधिक संवेदनशील असते. कांडीनंतर वाढलेला दाब बहुधा थेंबांनी आटोक्यात येतो व शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. तो वाढल्याचे रुग्णाला सहसा जाणवत नाही, मोजावाच लागतो.

औषधांच्या किंमतींतील तफावत उपचाराची निवड पुष्कळ अंशी ठरविते. बेव्हासिझुमॅबच्या कर्करोगासाठी बनविलेल्या एका कुपीतून अनेक डोळ्यांना पुरतील इतक्या मात्रा निघतात, त्यामुळे ते फार स्वस्त पडते; पण मात्रा वेगळ्या करताना निर्जंतुकता राखणे हा कळीचा प्रश्न असतो. भारतात २०१६ च्या आरंभी संसर्गाच्या घटनांनंतर त्याच्या डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा देण्यात आला होता; तो काही आठवड्यांतच मागे घेण्यात आला. रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची समरूप आवृत्ती २०१५ पासून उपलब्ध झाली. बेव्हासिझुमॅबने आरंभ करून गरज पडल्यास अफ्लिबरसेप्टकडे वळणे आणि आरंभापासून अफ्लिबरसेप्ट देणे, यांत दोन वर्षांनी दृष्टीत फरक उरत नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१२ डोळ्यांवरील चाचणीत आढळले. मात्र स्वस्त औषधाने आरंभ केलेल्या डोळ्यांपैकी ७० टक्के डोळ्यांना पुढे औषध बदलावे लागले.

संयुक्त परिणाम साधण्याचा प्रयत्न आता एका वेगळ्या दिशेने होत आहे. २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फॅरिसिमॅब या प्रतिपिंडाची एक बाजू रक्तवाहिनीवर्धक घटकाला व दुसरी अँजिओपोएटिन–२ या प्रथिनाला बांधते. हे दुसरे प्रथिन केशवाहिन्यांच्या आधार कोशिकांचा ऱ्हास व दाह यांच्याशी निगडित आहे. म्हणजे दुसरा घाव स्टेरॉइडाविना, त्यामुळे मोतीबिंदू व नेत्रदाबवाढ यांच्या भयाविना, घालण्याचा हा प्रयत्न होय. त्याच्या प्रमुख चाचण्यांत जुळवून घेतलेल्या वेळापत्रकावरील निम्म्याहून अधिक रुग्णांना पहिल्या वर्षाच्या अखेरीस चार महिन्यांच्या अंतराने अंतःक्षेपण पुरेसे ठरले. दृष्टीतील सुधारणा मात्र दर दोन महिन्यांनी दिलेल्या अफ्लिबरसेप्टइतकीच होती.